साहेबांनी तीन मांडे खाल्ले

पिंपळनेर,
१२ जानेवारी १९९१

चौकशीला आलेल्या साहेबांना,

नमस्कार लिहिणार होते, पण लिहवला नाही.

माझ्या मालकांचा उजवा हात धुळ्याला कापसाच्या जिनिंगमध्ये गेला. त्यांना तिथे हलकं काम मिळालं का, घर कसं चाललंय, हे बघायला सरकारने तुम्हाला पाठवलं होतं. आमच्याकडे पाहुण्याला हाल दाखवत नाहीत. मी उसनं तूप आणलं, खापरावर मांडे केले, यांना लग्नातला लांब बाह्यांचा सदरा घातला. "अक्का, असे मांडे धुळ्यात मिळत नाहीत," म्हणत तुम्ही तीन खाल्ले. कागदावर यांच्याऐवजी माझा अंगठा घेतलात.

पुढे मी भाच्याच्या पुस्तकांवरून वाचायला शिकले आणि त्या कागदाची नक्कल वाचली. 'इसम कामावर रुजू. कुटुंब सुखवस्तू. मदतीची गरज नाही.' अहो, जिनिंगवाल्यांनी यांना फाटकातूनच परतवून लावलं होतं. त्या फाटकापर्यंत तरी गेला असतात!

तुम्ही गेल्यावर हे म्हणाले होते, "साहेब पोटभर जेवना, माले बरं वाटनं." तुम्ही पोटभर जेवलात, याचंच त्यांना बरं वाटलं होतं. मग मदत बंद, दवाखाना बंद. दोन वर्षांत हे गेले.

पत्र टाकणार नाही. उद्या शेजारच्या कुंदाबाईच्या नवऱ्याची चौकशी तुमच्याकडेच आहे, राग तिच्यावर निघायचा. पण मी तिच्या दारात बसणार आहे. तुम्ही काय लिहिलंत ते आधी मी वाचेन, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

बेबाबाई पितांबर