काळी चार आणि दौलतकाकांची खुर्ची

३ ऑक्टोबर १९८५, गुरुवार
आला! मामेभावानं दुबईहून कीबोर्ड आणला एकदाचा. स्वस्तातलाच, पण एक बटन दाबलं की बासरी, दुसरं दाबलं की व्हायोलिन. पंधरा वर्षं पेटी वाजवली, डाव्या हाताले भात्याची सवय. रिकामा बसूनच राहत नाही. जमेल. मले न जमलेलं काय आहे?

७ ऑक्टो.
ऑर्केस्ट्राच्या मालकांनी ऐकला. खूश! आजवर भजन असलं तरच बोलवत, आता पक्की जागा म्हणतात. मग हसत, "ताई, याच्यात तर अकॉर्डियनही आहे. वीस तारखेचा, रविवारचा सक्करदऱ्याचा कार्यक्रम रंगला की अकॉर्डियनवाल्या दौलतकाकाले सुट्टी."
आग झाली अंगाची. सूर कशाशी खातात ते काकांनीच शिकवलं मले. तरी गप्प बसली. काहून? जागा पाहिजे होती म्हणून.

१३, रविवार
प्रॅक्टिस. गाणारी शोभा, तिचा सूर काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी. मी ऐटीत सूर बदलायचं बटन लावलं. आता पांढरी एकपासून वाजवा, आपोआप काळी चार निघते, असं सगळ्यांले समजावलंही. अन् गाणं सुरू झालं तर बोटं सवयीनं सरळ काळी चारवरच! बटन चालूच, म्हणून मी दोन सूर खाली, काकांचं अकॉर्डियन बरोबर जागेवर. अरे बापा! शोभा कानावर हात ठेवून, "काय वाजवून राहिली वं!" काकांनी एकट्यानं गाणं निभावलं.

१४
काका घरी आले. मालकांचं सुट्टीचं बोलणं त्यांच्या कानावर गेलं होतं. चहा घेतला नाही. "माह्यावर दया करून राहिली का वं? मुद्दाम चुकली न?"
हो म्हटलं असतं तर माझी अब्रू वाचत होती. मोह झाला, खोटं काहून लिहू. पण सांगितलं, "नाही काका, खरंच चुकली." इतके हसले की ठसका लागला. जाताना मात्र, "रविवारी माह्यासाठी एक सूर जरी सोडला, तर तुह्या घरी पाय ठेवणार नाही."

१८
रोज तीन तास. सूर बदलायच्या बटनाले हातच लावत नाही. मालकांचा निरोप, अकॉर्डियनचे तुकडेही बसवून ठेवा. बसवले. झकास वाजतात, तेच दुखते.

२०, रविवार
शारदा मंडळ, सक्करदरा. साडेचारलेच पोहोचली. खुर्च्या लावणं चालू. मालक, "एक कमी करा, अकॉर्डियनचं ताई पाहतील."
मी म्हटलं, "अकॉर्डियनचं बटन मी दाबणार नाही. बाकी असं वाजवीन की..."
"मग पुढच्या वेळी दोघांपैकी एकच. आज ऐकून ठरवतो."
"ठरवा."
खुर्ची मीच उचलून माझ्या बाजूले ठेवली. वाजवणार जीव तोडून. फक्त ते बटन न दाबणं, हे काकांसाठी सूर सोडणंच झालं न? काका फाटकातून येऊन राहिले. आजच्यानंतर दोघांपैकी एकच राहणार, हे त्यांले अजून माहीत नाही.