आठ-दहाचा पाना आणि शनिवारचे विमान

प्रति,
मा. सहायक संचालक, उड्डाण सुरक्षा,
विभागीय कार्यालय, बेंगळुरू.

अर्जदार: सौ. महानंदा संग्राम खोत, अवजार-खोली सांभाळणारी (सध्या नेमणूक: धावपट्टीवर घारी हाकणे), रा. महादेवपुरा, बेंगळुरू.

विषय: विमानात राहिलेला पाना शोधणे, शनिवारचे उड्डाण थांबवणे व श्री. नरसिंहराव यांना मोकळे न सोडणेबाबत.

संदर्भ: कंपनीस दिलेले माझे दोन अर्ज, एक कन्नड व एक इंग्रजी. दोन्ही अनुत्तरित.

महोदय,

आपण मूळचे कराडचे असल्याचे कळल्यावरून हा अर्ज मराठीत करीत आहे. सगळे प्रकरण एका कन्नड शब्दावरून पेटले आहे आणि ती जोखीम मला पुन्हा घ्यायची नाही.

१. विमाने भाड्याने देणाऱ्या आमच्या कंपनीत मी नऊ वर्षे अवजारांची खोली सांभाळली. तेथे भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक अवजाराची आकृती रंगवलेली आहे. अवजार परत आले नाही की आकृती उघडी दिसते, आणि ती भरल्याशिवाय विमान सोडायचे नाही, असा नियम आहे. नऊ वर्षांत मी एक स्क्रू-ड्रायव्हरसुद्धा हरवू दिलेला नाही.

२. दि. २४ ऑक्टोबर रोजी मेकॅनिक अरविंद यांनी आठ-दहाचा पाना विमानाच्या शेपटातील कामासाठी नेला. तो परत आला नाही. शेपटात विमान वळवणाऱ्या केबली असतात. पाना त्यांत अडकला तर वैमानिकाने काय करावे? मी तत्काळ तपासणी प्रमुख श्री. नरसिंहराव यांना फोन करून स्पष्ट सांगितले, "सर, आठ-दहाचा पाना आलेला नाही, विमान सोडू नका." ते म्हणाले, "सरी." मीही "सरी, सर" म्हणून फोन ठेवला.

३. आता या शहरात 'सरी' म्हणजे 'बरोबर', 'सरी' म्हणजे 'बरं, ऐकलं', आणि 'सरी' म्हणजे 'ठेवा आता फोन' हेसुद्धा. मी 'ऐकलं' समजले. साहेबांनी मात्र नोंदवहीत लिहिले: अवजारे बरोबर, खोत यांनी फोनवर तसे सांगितले. हद्द झाली! माझे पहिले वाक्य त्यांच्या कानात शिरलेच नाही, शेवटचा एक शब्द तेवढा शिरला. 'सरी' न म्हणता फोन ठेवणारा माणूस बेंगळुरूत कोणी असेल तर मला दाखवावा. त्यांच्या टेबलापासून फळी बारा पावलांवर आहे. उठून बघायला काय पाय मोडले होते?

४. पुढचे ऐका. मी कन्नड अर्ज दिल्यावर दुसऱ्याच दिवशी फळीवर पाना हजर! एस. पी. रोडच्या हार्डवेअर बाजारातून आणलेला, कोराकरकरीत. आमच्या प्रत्येक अवजारावर क्रमांक कोरलेला असतो, याच्यावर नाही. वहीत मात्र 'पाना सापडला' अशी नोंद, आणि 'खोटी आवई उठवली' म्हणून माझी बदली घारी हाकायला. भर उन्हात, हातात काठी. कँटीनमध्ये मला 'घार-अक्का' म्हणतात. साहेब सर्वांत मोठ्याने हसतात.

५. माझ्या मागण्या अशा: श्री. नरसिंहराव यांची सहीची मुभा काढावी. ती काठी त्यांना द्यावी, टोपी देऊ नये. त्यांनी कँटीनमध्ये सर्वांसमोर उभे राहून, 'मी खोटे लिहिले, महानंदाबाई खऱ्या होत्या' असे कन्नड, मराठी व इंग्रजीत म्हणावे. मी पुढच्या बाकावर बसेन. यांतील एकही मागणी मी कमी करणार नाही.

६. आता मुख्य गोष्ट. येत्या शनिवारी, दि. १५ रोजी, तेच विमान, त्या कामानंतर पहिल्यांदाच, आठ वऱ्हाडी घेऊन हुबळीला जाणार आहे. सोबत कंपनीचे अभियंता म्हणून स्वतः श्री. नरसिंहराव. पाना कुणाच्या तरी डब्याच्या पिशवीतून घरी गेला, असे त्यांनी स्वतःला पटवून दिले आहे. मंगळवारी मी यादीत त्यांचे नाव वाचले. खोटे कशाला लिहू, मला फार बरे वाटले. म्हटले, बसू दे. दोन दिवस मी गप्प राहिले, जेवले, झोपलेसुद्धा. आज सकाळी उरलेली यादी वाचली. सहावे नाव: कु. मनस्विनी, वय चार वर्षे. तशीच हा अर्ज लिहायला बसले. ते दोन दिवस मी गप्प होते, हेही आपण माझ्या नावे लिहून घ्यावे.

७. तरी ते विमान शनिवारच्या आत उघडून शेपूट तपासावे. मला श्री. नरसिंहराव यांची दया आली आहे, असा गैरसमज नसावा. माणूस मेला की त्याच्यावरची चौकशी बंद होते, आणि त्याच्या फोटोला हार घालायला मलाच सर्वांबरोबर उभे केले जाईल. ते मी होऊ देणार नाही. मला ते जिवंत, धडधाकट, माझ्यासमोर हवे आहेत.

आपली नम्र, पण माघार न घेणारी,
(सही)
महानंदा संग्राम खोत
दि. १३ नोव्हेंबर २०२५

सोबत: फळीचे दोन फोटो, नोंदवहीची प्रत, शनिवारच्या प्रवाशांची यादी.