सहीची जागा

दादा,

हे पत्र मी धाडणार नाही. तुझ्या वकिलाची नोटीस मिळाली, पंधरा दिवसांत बाबांचं दुकान रिकामं करायचंय. कोर्टासमोरच्या याच दुकानात वीस वर्षं लोकांचे अर्ज टाइप करतोय. येईल त्याला बजावतो, "वाचल्याशिवाय सही करू नका." आणि तू हक्कसोडपत्र पुढं केलंस, तेव्हा मी चष्मासुद्धा लावला नाही. वाचलं तर तुला वाटेल मी संशय घेतोय, म्हणून. लहानपणी मी अक्षरं गिरवताना ठेवायचास, तसं तू कागदावर बोट ठेवलंस. मी तिथं सही केली.

आज पंधरावा दिवस. नोटिशीचं उत्तर टाइप केलं, दोनदा वाचलं. सहीला पेन उचललं आणि तुझं बोटच शोधत बसलो.

तुझाच,
धाकटा