पदर कुठे घेऊ?

प्रिय आत्या,

उद्या तुमचं तेरावं. गल्लीत मांडव पडलाय, माइकवाला वायर ओढून गेलाय, आणि उद्या तुमच्याबद्दल मी, तुमच्या धाकट्या सुनेनं, बोलायचं, असं आबांनी सांगितलंय. आपल्या लोकांत तेराव्याला पुरुषच बोलतात. मी तसं म्हणून पाहिलं, पण तुमचे मालक एकदा म्हणाले की संपलं. साडी ठरलेली आहे, माझ्या भावानं आणलेली दुखवट्याची. पण पदराचं काय करू? हे मी दुसऱ्या कोणाला विचारू, म्हणून लिहायला बसले.

लग्न होऊन डिंडोलीत आले त्या दिवसापासून तुमचं एकच पालुपद, "डोकावर पदर ले." नळावर, दुकानात, एसटीडी बूथवर माहेरी फोन लावतानासुद्धा! फोनमधून कोणाला दिसणार होतं, आत्या?

दिवसभर आपण दोघी मिलच्या साड्यांचे सुटे धागे कापत बसायचो. ढीग दारापर्यंत यायचा आणि त्यातली एकही साडी आपली नसायची. मी बालवाडीत शिकवायला लागले, गल्लीतल्या कार्यक्रमात पालकांसमोर बोलायची वेळ आली, तेव्हा तुम्ही बाजारातून माझ्यासाठी निळी जॉर्जेट आणलीत. मी म्हटलं, सुती नेसते, ही डोक्यावर टिकायची नाही. तुम्ही ऐकता का कधी? म्हणालात, "दोन पिना लाई देसू."

पहिल्याच वाक्याला पिना सुटल्या. एका हातात माइक, दुसऱ्या हातात कागद आणि पदर सुळकन खाली. सावरला, पुन्हा घसरला. पुढे आबा मान खाली घालून बसले होते. पोरींना कामाला बसवू नका, शाळेत घाला, एवढंच मला सांगायचं होतं. ते सांगायचं राहिलं आणि मी रडकुंडीला आले.

मग बायकांमधून तुम्ही उठलात आणि स्टेजवर आलात. मला वाटलं, पिन लावायला आलात. तुम्ही माझा पदर खांद्यावरून पुढे घेतलात, कमरेला घट्ट खोचलात आणि म्हणालात, "आते बोल." सगळ्या गल्लीसमोर! तुमचा स्वतःचा पदर मात्र कपाळापर्यंत होता.

घरी येताना आबा कुरकुरले. तुम्ही म्हणालात, "आपन तिना आवाज ऐकाले गयथूत, डोकं देखाले नही." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर पुन्हा तेच, "डोकावर पदर ले." काय म्हणावं तुम्हाला? मी हसले आणि पदर घेतला. तुम्हाला स्वतःला कधी चार माणसांत काही बोलायचं होतं का, हे मात्र विचारलं नाही. इतकी वर्षं समोरासमोर बसलो, मला सुचलंच नाही.

दवाखान्यात तुमची वाचा गेली. तुमचा हात धरून बसले की माझा पदर केव्हा खांद्यावर पडायचा, कळायचंही नाही. तुम्ही नुसत्या बघत राहायचात. मी वाट बघायचे, आत्या. आता डोळे वटाराल, आता रागवाल. तुम्ही रागावला नाहीत, तेव्हाच मला कळून चुकलं.

जाऊबाई म्हणतात, सासूच्या तेराव्याला तरी डोकं झाक. आबांना विचारलं तर म्हणाले, "तुले जसं वाटी तसं कर." आबा असं म्हणाले! घरात मला कोणी काही सांगत नाही आता. हेच हवं होतं ना मला? मग ते सोसत का नाही?

उद्या पदर खांद्यावरच ठेवीन. मी रडणार हे नक्की आहे आणि डोळे पुसायला तो हाताशी हवा. पण अर्ध्यावर सोडून खाली बसणार नाही, हा माझा शब्द. तुम्ही कोण होतात ते त्या सगळ्या पुरुषांना शेवटपर्यंत सांगीन. फक्त बायका बसतील त्या बाजूला बघणार नाही. तिथे तुम्हाला शोधत राहिले, तर मला पुढचं बोलता यायचं नाही.

तुमची धाकटी सून,
वंदना