निळ्याचे गुलाबी झालेल्या हायड्रेंजियाबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
उद्यान विभाग, नगरपालिका, मिनासे.

विषय : इमारत क्र. ७ मागील आजारी हायड्रेंजियाची फेरपाहणी करून अंगणातला नळ सोडण्याबाबत.
संदर्भ : आपले दि. १२ जूनचे पत्र, "सदर झुडूप जागेवर आढळले नाही."

महोदय,

अर्जदार, म्हणजे खाली सही करणारा एइसाकु नेमोतो, वय ८१, हिनोसाका वसाहतीत इमारत क्र. ७ च्या चौथ्या मजल्यावर राहतो. बाकीची तेवीस घरे रिकामी आहेत. माणसे उरली नाहीत म्हणून आपण एप्रिलमध्ये नळ बंद केलात. नोंदवहीतले झाड जगवायचे असेल तरच तो सुटतो, हा आपलाच नियम. त्या नोंदवहीत "हायड्रेंजिया, निळे, एक" असे अर्जदाराची पत्नी कै. फुसाए हिने एकोणतीस वर्षांपूर्वी लिहवून घेतलेले आहे.

१. आपल्या विभागातील सेरिझावाबाई ६ जून रोजी पाहणीस आल्या. झुडूप त्यांनी चांगले वाकून पाहिले. फूल गुलाबी, नोंद निळ्याची, म्हणून 'आढळले नाही'. महोदय, उन्हात रापलेल्या माणसाला कुणी मेला म्हणून लिहीत नाही! मागच्या भिंतीला नवा गिलावा झाला, त्याचा चुना मुळांत उतरला आणि निळे ते गुलाबी झाले, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बाईंचा यात दोष नाही. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "आजोबा, मला दिसतंय हो, पण रकान्यात रंग जुळला नाही की साहेब कागद तोंडावर फेकतात." ते साहेब बहुधा आपणच.

२. पाऊस यंदा नावालाच आहे. बारा वाजायच्या आत झुडूप मान टाकते. पानांच्या कडा करपल्या आहेत, कळ्या उमलण्याआधीच तपकिरी पडतात. अर्जदार रोज दोन बादल्या पाणी चौथ्या मजल्यावरून उतरवतो. लिफ्ट नाही, आणि गुडघे आहेत तसे आहेत, त्यामुळे अर्धे पाणी जिन्यालाच मिळते. वेताचा पडदा बांधून झाला, तांदळाचे धुवण घालून झाले. पण एकट्याच्या भाताचे धुवण ते असे किती असणार?

३. पुढील मजकूर लिहिताना संकोच वाटतो. फुसाए दर २६ जूनला एक फूल कागदात गुंडाळून संडासात उलटे टांगत असे. म्हातारपणी शौचाला कुणाचा हात धरायची वेळ येऊ नये, म्हणून हा आमच्याकडचा जुना तोडगा. अर्जदार हसला की म्हणायची, "हसा खुशाल! मी काही तुम्हाला झोपेतून उठवणार नाही." नाहीच उठवले. तीन वर्षांपूर्वी सकाळी सूप ढवळता ढवळता गेली. अर्जदाराला आता उठवायचे म्हटले तरी घरात कुणी नाही, त्यामुळे फुलाची गरज त्यालाच जास्त आहे. झुडूप गेले तर तिच्या हातचे जिवंत असे काहीच उरणार नाही.

४. आपल्या कार्यालयातून फोन आला होता. "आजोबा, 'निळे' खोडून 'गुलाबी' करून टाकतो, कुणी यायची गरज नाही." यास अर्जदाराची सक्त हरकत आहे. मातीत तुरटी घालून रंग पालटता येतो, परंतु एका दिवसात नाही. आधी जांभळट, मग निळसर, मग निळा. दोन-तीन वर्षे सहज लागतील. प्रत्येक छटा प्रत्यक्ष पाहूनच नोंदवली जावी, सबब दरमहा एक पाहणी ठेवावी. हिवाळ्यात नुसत्या काड्या असतात, तेव्हाही ठेवावी.

नळ सोडणे अगदीच जमत नसेल तर राहू द्या, पाणी अर्जदार उतरवील. पाहणी मात्र रद्द करू नये. त्या दिवशी सेरिझावाबाई पायरीवर बसून जवाचा चहा दोन पेले प्यायल्या. त्यांच्याशी बोलायला तोंड उघडले तर अर्जदाराचा आवाजच फुटेना. घसा दुखत नव्हता. महिनाभर तो वापरलाच नव्हता.

दार उघडे ठेवून बसलेला,
आपला नम्र,
(सही)
एइसाकु नेमोतो
दि. २१ जून

सोबत :
१. करपलेले पान, एक.
२. गुलाबी फुलाचा तुरा, लहान.
३. सेरिझावाबाई पावसाचे दिवस म्हणून आणलेली छत्री येथे विसरल्या. ती सोबत जोडलेली नाही. स्वतः येऊन न्यावी लागेल.