फुगा धरणार कोण?

अण्णा, आज आईने तुमचा तपासणीचा फोन माळ्यावरून काढला. कमरेला अडकवायचा तो काळा, जाडजूड फोन. रत्नागिरीतल्या किती खांबांवर तो तुमच्याबरोबर चढला असेल! आंब्याची फांदी पडून तार तुटली की तुम्ही ती जोडायचात आणि खांबावरूनच पहिला फोन घरी लावायचात. मी धावत जाऊन उचलायचे. "येतंय ना गो ऐकायला?" "येतंय, अण्णा." मगच तुम्ही उतरायचात. माझं 'येतंय' ऐकल्याशिवाय लाइनमन खाली येत नाही, याचा मला शाळेत केवढा तोरा होता.

नव्वदचं दशक सरता सरता मी बंगळूरला नोकरीला लागले, तेही तुमच्याच धंद्यात. विमानांच्याही वर, हलक्या वायूने भरलेलं एक अजस्र जहाज उभं करायचं आणि तिथून सगळ्यांचे फोन जोडायचे. खांब नको, तार नको. एकच जहाज अख्खा जिल्हा सांभाळणार. मे महिन्यात घरी आले तेव्हा स्वयंपाकघरात बसून मी तुम्हाला चित्र काढून दाखवलं. तुम्ही फणसाचे गरे काढत बराच वेळ बघत राहिलात. "फुगा छान आहे गो. पण वाऱ्यात एका जागी धरणार कोण त्याला? नि बिघडला तर चढायचं कोणी?" मी फणकारले, "खांबावर चढण्याइतकं सोपं नाही ते. तुम्हाला नाही कळायचं." आई पोळी लाटायची थांबली. तुम्ही हसलात, हाताचा चीक तेलाने पुसलात आणि म्हणालात, "नसेल कळत." त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

तुम्ही निवृत्त झालात त्या वर्षी एका दुपारी माझ्या ऑफिसच्या टेबलावरचा फोन वाजला. दहा मिनिटांत मला साहेबांपुढे उभं राहायचं होतं, आणि प्रश्न नेमका वाऱ्याचाच होता. दिवसा उन्हाच्या विजेवर जहाजाचे पंखे फिरतील, पण अंधार पडल्यावर साठवलेली वीज जहाजाला जागेवर धरायला पुरत नव्हती. तुम्ही सुरुवात केलीत, "अगो, तुझ्या त्या फुग्याचा मी विचार केला..." मी म्हटलं, "आवाज तुटतोय अण्णा, नंतर करते." आणि ठेवला.

नंतर केलाच नाही. पाच दिवसांनी तुम्ही झोपेतच गेलात. तेराव्याला आई सांगत होती, "लायनीत फॉल्ट आहे म्हणाले नि दुपारचेच बाहेर पडले. घरापासून एक्स्चेंजपर्यंत एकेक खांब बघत गेले, भर उन्हात, कातळावरून. दिवेलागणीला आले ते जेवलेसुद्धा नाहीत. म्हणाले, पोरीला ऐकू येत नाही नि मला फॉल्ट सापडत नाही. म्हातारा झालो मी." मी मान खाली घालून ऐकत होते. दुसऱ्या कुणाचे वडील फोन ठेवून पंख्याखाली आडवे झाले असते.

जहाज काही उभं राहिलं नाही. वाऱ्यापुढे आम्ही हात टेकले आणि काम बंद पडलं. फोनवर जरा खरखर झाली की आई अजून म्हणते, "तो फॉल्ट राहिलाच हो त्यांचा." तिला मी काही सांगितलेलं नाही. हा कागदही तुमच्या फोनच्या पट्ट्यात खोचून परत माळ्यावर ठेवणार आहे.

फॉल्ट नव्हता, अण्णा. आवाज खणखणीत येत होता. मी फोन खाली ठेवत असताना तुम्ही "वाऱ्याचं म्हणशील तर..." म्हणालात, तेही मला ऐकू आलं होतं.