कुबराचे कोरे प्रश्न

श्रीवर्धन,
६ मे १९३४

प्रिय कमळ,

तुझा निकालाचा लखोटा गेल्या महिन्यातच पोचला. पोच पाठवली नाही म्हणून रागावली असशील, तर खुशाल रागाव. मीही तुझ्यावर थोडी रागावलेलीच आहे, तेव्हा फिट्टंफाट झाली. ट्रेनिंग कॉलेजात एका खोलीत राहत होतो तेव्हापासूनचा माझा अनुभव आहे, तुला एखादी गोष्ट पटवून द्यायची तर आधी तुझ्याशी भांडावं लागतं. आज मी सावकाश भांडणार आहे. शाळेला सुट्टी आहे, वाड्यांतली सुपारी उतरून वाळून झाली आहे, आणि मला दुसरं काम नाही.

माघात तू आलीस, तेव्हा बोटीनं तुला अगदी पिळून काढलं होतं. पहिला दिवस तू माझ्या पडवीत लिंबू चोखत पडून काढलास, आणि दुसऱ्या दिवशी पेटी उघडून कागद, पेन्सिली आणि वेळ मोजायचं ते घड्याळ मांडून बसलीस. मुलांना शिकताना काय कळतं आणि काय वाटतं, हे दोन्ही मोजायचं तुमच्या प्राध्यापकसाहेबांनी मनावर घेतलं आहे, असं तू मला समजावलंस. मला ते आवडलं होतं, खरं सांगते. इतकी वर्षं मी पोरींना शिकवते आहे. त्यांना काय वाटतं हे इन्स्पेक्टरसाहेबांनी मला एकदाही विचारलेलं नाही. म्हणून मी वर्ग तुझ्या स्वाधीन केला आणि मागच्या बाकावर गप्प बसले. टेलिफोनच्या चित्रात काय काढायचं राहिलं आहे ते ओळखा, असा एक प्रश्न तू घातलास. गावात टेलिफोन नाही, तरीही मी गप्प बसले. माझ्या दृष्टीनं हे केवढं मोठं काम होतं हे तुला ठाऊक आहे.

त्या वर्गात माझं सगळं लक्ष एकाच मुलीवर होतं, आणि ते मी तुला आदल्या रात्रीच सांगितलं होतं. कुबरा. सातवीतली, फकरुद्दीनभाईंची थोरली. त्यांचं स्वतःचं गलबत आहे, सुपारी आणि नारळ मुंबईला नेतात. पोरगी अशी की गणित घालून मी फळ्याकडून वळेपर्यंत तिचं उत्तर तयार. तिला पुण्याला आपल्या कॉलेजात धाडा, मास्तरीण होऊन ती इथल्या मुलींना शिकवील, असं मी फकरुद्दीनभाईंच्या दोन वर्षं कानीकपाळी ओरडते आहे. इकडे म्हसळ्याहून स्थळ आलेलं, पावसाळा सरला की निकाह लावायचा अशी घरात बोलणी. शेवटी ते म्हणाले, "बाई, तुमी म्हणता म्हणून न्हाय. ती पुन्याची बाई डोकी तपासाया येनार हाय ना? तिनं सांगितलं पोरीत दम हाय, तर धाडतो." म्हणजे त्या पोरीचं सगळं पुढचं आयुष्य तुझ्या कागदांवर येऊन बसलं होतं, आणि मी निर्धास्त होते.

तुझा निकाल मी उभ्यानं वाचला. कुबरा, साधारणाहून कमी. प्रत्येक कागदावरचा शेवटचा प्रश्न कोरा. शेरा असा की अवघड प्रश्न समोर आला की मन मागे घेते, लक्ष चहूकडे. आणि भावनेच्या रकान्यात एकच शब्द, उदासीन. कमळ, त्या पोरीला तू काहीही म्हटलं असतंस, हट्टी, आगाऊ, तोंडाळ, तरी मी मान्य केलं असतं. उदासीन हा शब्द वाचून मला आधी हसू आलं आणि मग इतका संताप आला की त्या दिवशी तिसरीच्या मुली विनाकारण माझ्या तावडीत सापडल्या. त्याखाली तू आणखी लिहिलं होतंस की कुबरा धरून मोहल्ल्यातल्या चौघी मुली कागद संपल्याचा हात एकदमच वर करतात, कोपऱ्याकोपऱ्यांत बसवल्या तरीही, तेव्हा नक्कल असावी. कोपऱ्यात बसून नक्कल कशी करतात, हे तुझं तुलाही लिहिता आलं नव्हतं.

तो कागद घेऊन मी फकरुद्दीनभाईंच्या घरी गेले. कुबराच्या आईला, कुलसुमभाभींना, आधी सांगावं आणि मग त्यांनी नवऱ्याला सांगावं, असा माझा पळपुटा बेत. मागच्या अंगणात बायका आणि मुली गोल करून सुपारी सोलत बसल्या होत्या. मलाही बसवलं, एक छोटी विळी आणि सुपारीचा ढीग पुढ्यात सरकवला. मी नागावची, नारळात वाढलेली, पण हात काही हळू नाही. बोलता बोलता माझा ढीग संपला आणि मी पदर झटकून उठले. सगळ्यांचे हात थांबले. भाभींनी खाली पाहिलं. कुबरानं माझा पदर धरला आणि हळूच म्हणाली, "बाई, बसा ना. शेवटची एक राहू द्यावी. जहुराची न्हाय झाली अजून."

जहुरा म्हणजे तिची चुलतबहीण, तुझ्या चौघींतलीच एक. लहानपणी तिचा उजवा हात चुलीवर भाजला, बोटं नीट वळत नाहीत. तिच्यासमोर अजून मूठभर सुपारी होती. मी पाहिलं तर बाकी सगळ्यांच्या पुढ्यात एकेक सुपारी शिल्लक, आणि त्या उगीच तिच्याशी चाळा करत बसलेल्या. त्या घरांची रीतच ही आहे. ज्याचा हात चालतो त्यानं शेवटची सुपारी राखायची, सगळ्यांत सावकाश हात शेवटच्या सुपारीशी पोचला की मग सगळ्यांनी एकदम ती सोलायची आणि एकदम उठायचं. मागे एकटं कुणी राहिलं तर त्याला हिणवल्यासारखं होतं, असं भाभी म्हणाल्या. म्हाताऱ्या बायका बसतात, बाळंतपणातून नुकतीच उठलेली बसते, जहुरा बसते. एवढी वर्षं मी या गावात आहे, त्यांच्या घरी चहा पिते (हे नागावला कळवू नकोस), आणि मला याचा पत्ता नव्हता, कारण मी कधी सोलायला बसलेच नव्हते.

मी खाली बसले, पण माझं लक्ष उडालं होतं. सुपारी संपल्यावर मी कुबराला बाजूला घेऊन विचारलं, त्या पुण्याच्या बाईंच्या कागदांवरही असंच केलंस का गं? ती म्हणाली, व्हय. कोपऱ्यात बसवलं होतं म्हणून मान वळवून वळवून जहुरा कुठवर आली ते बघावं लागत होतं. तेच तुझं 'लक्ष चहूकडे'. जहुरा शेवटच्या प्रश्नाशी पोचली की चौघींनी तो एकदम सोडवून हात वर करायचा, तर तोवर तुझा वेळ संपलेला असायचा, मग चौघींचे हात कोऱ्या प्रश्नावरच वर. मी विचारलं, तेव्हा काय वाटत होतं? तिनं ओढणीवरची सालं झटकली. मग म्हणाली, "लिहून टाकावं असं लई वाटत होतं, बाई. उत्तर हाताशी आलं होतं, नि मी हात दाबून धरला होता." हे ऐकून मला रडू आलं, कमळ. वर्गात त्या दिवशी सगळ्यांत जास्त ज्या पोरीला वाटत होतं, तिच्या नावापुढे आपण उदासीन लिहिलं. आपण म्हणते, कारण मागच्या बाकावर बसून मीही तेच पाहत होते.

मला वाटलं, आता काय, जिंकलंच. फकरुद्दीनभाई ओटीवर पान लावत बसले होते. त्यांना तुझा निकाल वाचून दाखवला, एक अक्षर न गाळता, आणि मग सगळा खुलासा केला. त्यांचा चेहरा खुलला. म्हणाले, "म्हंजे पोर आदबशीर हाय. हे मला ठावं हाय, बाई. अशी पोर कुठल्याबी घरात नांदंल." झालं! मी ज्या कारणानं तिला पुण्याला पाठवा म्हणत होते, त्याच कारणानं त्यांना म्हसळं जवळ दिसायला लागलं. मी वाद घातला. तर त्यांनी आणखी एक अडकवणारी गोष्ट विचारली. पुण्याला अशा बसून राहणाऱ्या पोरीचं कसं व्हायचं? तिथं तर आधी उठणाऱ्याचंच नाव घेतात ना? आणि कमळ, मी होच म्हटलं. कारण आपल्या कॉलेजात अगदी तसंच होतं, तुझं-माझं नाव तसंच झालं.

उत्तर कुबरानं दिलं, दाराआडून. "अब्बा, बसले ती जहुरासाठी. पुन्यात जहुरा न्हाय." आवाज वर नाही, उद्धटपणा नाही. मग मी तिथंच, तू लखोट्यात परत पाठवलेल्या तिच्या कागदांवरचे कोरे राहिलेले प्रश्न एकेक करून तिला घातले, आणि तिनं ते माझं वाक्य पुरं व्हायच्या आत सोडवले. टेलिफोनसुद्धा, कारण मुंबईत पाहिलेला टेलिफोन अब्बांनी तिला वर्णन करून सांगितला होता. फकरुद्दीनभाई पान चघळत ऐकत राहिले, पण मान हलवेनात. म्हणाले, "तुमी तिच्यावर जीव लावता, बाई. तुमी तिला पास करनारच." त्यांचं बरोबर होतं. माझ्या शब्दाला त्या बाबतीत किंमत नाही, आणि ती नसावी हेही मला कळतं. म्हणून मग तुझ्याच तोंडून ऐकायचं त्यांनी ठरवलं.

हे पत्र टपालानं आलं नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. ज्यांनी ते तुझ्या हाती दिलं ते फकरुद्दीनभाई, आणि त्यांच्या मागे निळी ओढणी घेऊन उभी आहे ती कुबरा. पावसाळ्यासाठी दर्या बंद व्हायच्या आत गलबताची शेवटची खेप मुंबईला नेली आणि तिथून ते तिला घेऊन पुण्याला आले आहेत. निकाल बदल असं मी म्हणत नाही. कागदावर आहे ते आहे. कॉलेजात नावं घ्यायची मुदत आठवडाभरात संपते, आणि ते तुला मार्क विचारणार नाहीत. निघायचं ठरवलं तेव्हाच त्यांनी मला सांगितलं की बाईंना एकच इचारनार, माझी पोर तुमच्या म्होरं बसली होती, तवा तुमाला काय दिसलं? तू हो म्हणालीस तर ती तिथं राहील, नाही म्हणालीस तर परतीच्या गाडीनं माघारी येईल, आणि मग मी पुन्हा ओरडणार नाही. काय सांगायचं ते तुझं तू ठरव. फक्त ते सांगण्याआधी दोघांना आत घे, पाणी दे, आणि त्या मुलीला तुझ्यासमोर बसवून एकदा तिच्या तोंडाकडे बघ. त्या दिवशी आपण दोघी तिच्या कागदाकडेच बघत होतो.

तुझ्याशी भांडल्यावाचून न करमणारी, तुझीच
केसर